वाटीचे चार हजार

‘आईच्या गुडघ्याचा भाव काढत फिरतेस होय?’ दादा फोनवर म्हणाला. तो नाशिकला असतो. पैसे पाठवायला त्यानं कधी मागेपुढे पाहिलेलं नाही. त्याचं म्हणणं सरळ असतं: चांगल्या हॉस्पिटलात जायचं, डॉक्टर म्हणतील ते करायचं आणि शेवटी कार्ड पुढे करायचं. मी पतसंस्थेत हिशेबनीस आहे. आमच्याकडे तीन कोटेशनं आल्याशिवाय लोखंडी कपाटसुद्धा घेतलं जात नाही. मग दोन-अडीच लाखांचा गुडघा एका ठिकाणी विचारून घ्यायचा, हे काही माझ्या हाताला वळेना. दादाला मी एवढंच म्हटलं, ‘भाव नाही काढत, चौकशी करतेय.’ त्याला ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मलाही ते बोलताना थोडं चोरट्यासारखंच वाटलं.

आईचे दोन्ही गुडघे गेलेले. वय एकाहत्तर. साताऱ्याच्या घराचे जिने उतरणं तिनं कधीच सोडलं होतं, म्हणून तिला पुण्याला माझ्याकडे आणलं. डॉक्टरांनी आधी उजवा गुडघा शस्त्रक्रियेनं बदलू आणि चार-सहा महिन्यांनी डावा करू असं सांगितलं. तिची पाच लाखांची आरोग्य विमा पॉलिसी जुनी होती, त्यामुळे प्रतीक्षा काळाची अडचण नव्हती. पण खोलीभाड्याला विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये, अशी मर्यादा होती. ही ओळ मी अनेक वर्षं वाचत आले होते. तिचा अर्थ मला त्या महिन्यात कळला.

पहिलं हॉस्पिटल मोठं, काचेचं. काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म पुढे सरकवला. त्यात नाव, वय, पत्ता यांच्याआधीच एक रकाना होता: ‘रेफर्ड बाय’. आमच्या फिजिओथेरपिस्टनं हे हॉस्पिटल सुचवलं होतं; त्यात त्याचं काही असेल असं मला म्हणायचं नाही. तरी मी रकाना कोराच ठेवला. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेणं-देणं डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत मना आहे, आणि २०१७ साली राज्य सरकारनं कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदाही तयार करवून घेतला होता. पण हा खर्च, जिथे कुठे होत असेल तिथे, कुठल्याच बिलात स्वतःच्या नावानं येत नाही.

‘गुडघ्याचं पॅकेज २,६५,००० पासून आहे,’ मुलगी म्हणाली.

‘पासून म्हणजे?’

‘म्हणजे ट्विन शेअरिंगचं. सिंगलचं ३,१०,०००. डीलक्स हवं असेल तर ३,८०,०००.’

मी दरपत्रक मागितलं. तिनं शेजारच्या मुलीकडे पाहिलं, शेजारच्या मुलीनं आतल्या सरांकडे. आमच्या राज्यात खासगी रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते, आणि त्याच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं आणि दर रुग्णाला कळतील असे ठेवणं रुग्णालयांवर बंधनकारक आहे. हे मी शांतपणे सांगितलं. सर बाहेर आले, तेही तितक्याच शांतपणे म्हणाले, ‘मॅडम, लावलेलंच आहे ना.’ आणि त्यांनी वॉटर कूलरकडे बोट केलं. कूलरच्या मागे, भिंतीवर, फ्रेममध्ये खरंच दरपत्रक होतं. वाचायला मान वाकडी करावी लागत होती, पण होतं. खाटेचा दर, आयसीयूचा दर, डॉक्टरांच्या भेटीचा दर, नर्सिंगचा दर, सगळं स्पष्ट. आणि शेवटी एक ओळ: ‘शस्त्रक्रिया: प्रकारानुसार’.

ज्या गोष्टीसाठी मी आले होते ती त्या दोन शब्दांत बसवून टाकली होती. पुढच्या तीन महिन्यांत असे आणखी तीन शब्द मला भेटायचे होते: पॅकेज, किट आणि सेट.

पण त्या मुलीच्या तीन आकड्यांनी एक गोष्ट लक्षात आली, ती आधी कुणी सांगितलीच नव्हती. ट्विन आणि डीलक्समध्ये फरक एक लाख पंधरा हजारांचा. चार दिवसांच्या खोलीभाड्यात एवढा फरक पडत नाही. मी विचारलं तेव्हा कळलं की खोलीचा वर्ग बदलला की सर्जनची फी बदलते, भूल देणाऱ्याची बदलते, थिएटरचा दर बदलतो, काही ठिकाणी रक्ततपासणीचासुद्धा बदलतो. थिएटर एकच, सर्जन तेच, गुडघाही तोच. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘म्हणजे सोफा असला की सुरी महाग?’

दुसरं हॉस्पिटल ट्रस्टचं. तिथे गेल्यावर गंमत झाली. ओपीडीच्या पाटीवर त्याच सर्जनचं नाव होतं. आठवड्यातले दोन दिवस ते इथे असतात, दोन दिवस तिथे. इथे पॅकेज १,५५,०००, पण इम्प्लांट, म्हणजे आत बसवायचा कृत्रिम गुडघा, सोडून. ‘इम्प्लांट ॲक्चुअल’, म्हणजे जे लागेल त्याचे पैसे वेगळे. औषधं २०,००० पर्यंत धरलेली, त्यापुढे वेगळी. फिजिओथेरपी चार दिवसांची. हे सगळं त्यांनी एका छापील कागदावर दिलं, खाली शिक्का मारून. मी काही बोलायच्या आत दिला, म्हणून लिहितेय.

तिसरं आमच्याच भागातलं पंचवीस खाटांचं नर्सिंग होम. डॉक्टर स्वतःच बोलले. १,६०,०००, सगळं धरून. ‘सगळं म्हणजे?’ ‘सगळं म्हणजे सगळं.’ मग त्यांनीच विचारलं, ‘बाकीकडे किती सांगितलं?’ मी खरं ते सांगितलं. ते खुर्चीत मागे रेलले आणि हसत म्हणाले, ‘अरे बापरे. मग आमचा आकडा जरा सुधारायला हवा!’ विनोदच होता. पण तो माझ्या डोक्यातून गेला नाही. दर उघड झाले की महागड्याला लाज वाटून तो खाली येईल, असं मी धरून चालले होते. उघड झालेला दर स्वस्तवाल्यालाही दिसतो, आणि आपण उगाच कमी घेतोय की काय हे त्यालाही कळतं, ही बाजू मी कधी धरलीच नव्हती.

घरी येऊन ए-फोर कागद आडवा धरला आणि रकाने आखले. दिवस, खोली, सर्जन, भूल, थिएटर, इम्प्लांट, औषधं, तपासण्या, फिजिओ, पॅकेजबाहेरचं. पहिल्या हॉस्पिटलचे निम्मे रकाने रिकामे राहिले, कारण ‘सगळं पॅकेजमध्ये आहे’ याहून जास्त कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्याचेही तसेच. दोघांचे आकडे दोन टोकांचे, पण मोघमपणा सारखाच. दुसऱ्याचा कागद मात्र भरला. इम्प्लांटचे सत्तावन्न हजार धरून ते २,१२,००० च्या आसपास जात होतं, शिवाय औषधांचं जे काय होईल ते.

न्यू जर्सीतल्या भाच्याला मी हा कागद फोटो काढून पाठवला. तो हसला. तिकडे १ जानेवारी २०२१ पासून, म्हणजे आपल्या नियमाच्या त्याच महिन्यात, हॉस्पिटलांना विमा कंपन्यांशी ठरलेले दरसुद्धा जाहीर करावे लागतात. त्यानं त्याच्या जवळच्या हॉस्पिटलची फाइल उघडायचा प्रयत्न केला तर लॅपटॉप अडकला. ती फाइल मुळात यंत्रानं वाचायची असते. माणसांसाठी, आधी ठरवून करता येतात अशा तीनशे सेवांची वेगळी यादी द्यावी लागते. ‘मावशी, तुझा ए-फोर बरा,’ म्हणाला.

इम्प्लांटचं मात्र मला आधीच माहीत होतं, म्हणजे निदान शोधल्यावर पाच मिनिटांत कळलं होतं. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणानं कृत्रिम गुडघ्यांवर कमाल किंमत घातली. त्याच वर्षी फेब्रुवारीत हृदयाच्या स्टेंटवर घातली होती, तशीच. मला त्यातला आकड्यापेक्षा आकड्याची रीत आवडली. नुसता ‘गुडघा’ असा एक आकडा नाही. मांडीच्या हाडावर बसणारा भाग, नडगीवर बसणारा भाग, त्या दोघांमधली गादी आणि गुडघ्याची वाटी, असे चार तुकडे. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याला मूळ आदेशात अनुक्रमे २४,०९०, १६,९९०, ९,५५० आणि ४,०९०. बेरीज ५४,७२०, वर जीएसटी. आणि हॉस्पिटलनं बिलात इम्प्लांटची किंमत वेगळी दाखवायची, ब्रँड, कंपनी, बॅच नंबर यांसह, अशी अट.

ट्रस्टच्या हॉस्पिटलातल्या एका जुन्या कर्मचाऱ्याशी पुढे ओळख झाली. ते म्हणाले, ‘इम्प्लांट स्वस्त झालं खरं, पण पॅकेज तेवढं उतरलं नाही. आमचं थिएटर चार्जेसचं पान तेव्हाच नवीन छापलं.’ त्यांच्या एका हॉस्पिटलची गोष्ट, सगळीकडचा पुरावा म्हणून मी ती सांगत नाही. पण हिशेब समजणाऱ्याला ती खोटीही वाटणार नाही. एका ओळीवर झाकण बसलं की शेजारची ओळ उकळायला लागते. त्यात सगळा लबाडपणाच असतो असंही नाही. इम्प्लांटवरच्या नफ्यातून जो पगार निघत होता तो आता दुसरीकडून काढायचा असतो.

आम्ही ट्रस्टचं हॉस्पिटल घेतलं. दादाला कारण सांगितलं, ‘सर्जन तेच आहेत.’ तो लगेच तयार झाला.

भरती व्हायला सकाळी दहाला बोलावलं होतं. गेलो तर ट्विन शेअरिंगमध्ये जागा नाही. ‘आजची रात्र सिंगलमध्ये काढा, उद्या शिफ्ट करू,’ असं नम्रपणे सांगण्यात आलं. आईनं पिशवी उचललीसुद्धा. मी विचारलं, ‘रात्रीपुरता सिंगलचा दर लागेल की सगळ्या बिलाला?’ बिलिंगचा मुलगा चांगला होता, त्यानं लपवलं नाही. ‘जो सगळ्यात वरचा क्लास घेतला असेल त्यानं पूर्ण बिल होतं, मॅडम.’

मी तिथेच पिशवीतून कागद काढला. सिंगलचं भाडं ७,५००, पॉलिसीची मर्यादा ५,०००. म्हणजे विमा कंपनी दोनतृतीयांशच धरणार. आणि ही कपात नुसत्या भाड्याला नाही, भाड्याच्या प्रमाणात सर्जन, भूल, थिएटर, नर्सिंग या सगळ्याला. विमा नियामकाच्या २०२० च्या सूचनांमुळे औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या यातून वगळल्या आहेत, नाहीतर त्यांनाही लागली असती. सिंगलचं पॅकेज १,९५,००० होतं. त्यातली औषधं वजा करून उरलेल्याचा एकतृतीयांश म्हणजे अठ्ठावन्न हजारांच्या घरात. एका रात्रीचे.

यातली एकही गोष्ट कुणी दडवली नव्हती. पॉलिसीत छापलेली, दरपत्रकात छापलेली, विचारल्यावर तोंडीही सांगितलेली. फक्त तीन ठिकाणचे तीन आकडे एकत्र करण्याचं काम माझ्यावर होतं, आणि तेही उभ्यानं, हातात आईची पिशवी घेऊन. मी हिशेबनीस नसते तर सिंगलमध्ये गेले असते. खरं म्हणजे हिशेबनीस असूनही, आईला त्या दिवशी ताप असता किंवा ती पडून आली असती, तरी गेले असते. गुडघा थांबू शकतो. ज्यांचं हृदय थांबलेलं असतं त्यांनी दरपत्रक कधी वाचायचं?

आम्ही बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर दुपारी चारपर्यंत बसून राहिलो. आईनं डबा खाल्ला, शेजारच्या बाईच्या सुनेची सगळी माहिती काढली. सव्वाचारला ट्विनमधली एक खाट रिकामी झाली.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी तिला वॉकर धरून उभं केलं. त्याबद्दल लिहिण्यासारखं इतकंच की सर्जन बाहेर येऊन म्हणाले, ‘हाड छान आहे, वाटी तुमचीच ठेवलीय, ती बदलायची गरज नव्हती.’ आईला हे इतकं आवडलं की भेटायला येईल त्याला ती सांगायची, ‘माझी वाटी माझीच आहे हं.’ मी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

डिस्चार्जच्या दिवशी सकाळी नऊला डॉक्टर ‘घरी जा’ म्हणून गेले. मे २०२४ च्या विमा नियामकाच्या परिपत्रकानुसार कॅशलेसमध्ये अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते. उशीर झाला आणि त्यामुळे हॉस्पिटलनं जादा आकारणी केली तर ती विमा कंपनीनं सोसायची. म्हणून मी बारा-साडेबाराचा अंदाज बांधून रिक्षावाल्याला सांगून ठेवलं. पण हे तीन तास सुरू होतात हॉस्पिटलनं बिल पाठवल्यापासून. बिल फार्मसी, प्रयोगशाळा, थिएटर असं फिरत दीडला तयार झालं. त्या फिरण्याला घड्याळ लावलेलं नाही. पावणेचारला मंजुरी आली, म्हणजे कंपनी वेळेत होती.

एकूण बिल २,३७,३०० च्या आसपास होतं. पॅकेज १,५५,०००, इम्प्लांट साधारण ५७,०००, मर्यादेवरची औषधं ९,४००, वॉकर १,९००, नी ब्रेस २,२००. आणि एक ओळ: ‘ऑर्थो किट: ११,८००’. कंपनीनं किट पूर्ण नाकारलं होतं.

विम्यात न मिळणाऱ्या वस्तूंची एक ठरलेली यादी आहे, अडुसष्ट वस्तूंची. हातमोजे, मास्क, क्रेप बँडेज, थर्मामीटर, चालण्याची साधनं, गुडघ्याचे ब्रेस असं सगळं त्यात आहे. वॉकर आणि ब्रेसवर माझं म्हणणं नव्हतं. पण त्याच यादीत एक फार मजेशीर वस्तू आहे: ज्यात काय आहे ते लिहिलेलं नाही असं कुठलंही किट. नियम करणाऱ्याचा हेतू चांगला असणार. लिहा, नाहीतर पैसे मिळणार नाहीत. पण हॉस्पिटलनं लिहिलं नाही तर पैसे हॉस्पिटलचे अडत नाहीत, ते रुग्णाकडून घेतले जातात. लिहायचं एकानं आणि न लिहिल्याचा दंड तिसऱ्याला.

मी बिलिंगला म्हटलं, ‘किट फोडून द्या.’

‘मॅडम, वापरून झालं ते.’

‘कागदावर फोडून द्या.’

अर्धा तास लागला. त्यातून निघालं ते असं: बोन सिमेंट ६,८००, करवतीचं पातं २,१००, ड्रेप १,४००, हातमोजे-मास्क १,५००. फोड करून पुन्हा विमा कंपनीकडे पाठवलं. साडेसहाला उत्तर आलं. सिमेंट मंजूर. पातं आणि ड्रेप शस्त्रक्रियेच्या खर्चातच धरायचे असतात, वेगळे लावता येत नाहीत. हातमोजे-मास्क नामंजूर. ते उत्तर दाखवल्यावर बिलिंगनं पातं आणि ड्रेपचे साडेतीन हजार काढून टाकले. अकरा हजार आठशेपैकी आम्हाला भरावे लागले पंधराशे. भांडण झालं नाही, आवाज चढला नाही. फक्त एका शब्दाच्या जागी चार ओळी लिहिल्या गेल्या.

औषधांच्या ९,४०० वर मात्र मी काहीच करू शकले नाही, आणि ती जास्त खरी हार होती. प्रत्येक वस्तूवर एमआरपी छापलेली, तेवढीच लावलेली. किंमत उघड, वस्तूवर, शाईनं. पण छापील किंमत म्हणजे कमाल किंमत, आणि हॉस्पिटलला ती वस्तू कितीला पडली ते त्या छापील आकड्यावरून कळत नाही. २०१८ मध्ये याच मूल्यनिर्धारण प्राधिकरणानं दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा निघाला होता. तोही एमआरपी न ओलांडता घेता येतो, कारण खरेदी करणारं हॉस्पिटल जास्त एमआरपी छापलेला मालच पसंत करू शकतं. बाहेरून औषधं आणू का, असं मी तिसऱ्या दिवशी विचारलं होतं. ‘आणा की, पण रात्री दोनला लागलं तर?’ असं सिस्टर म्हणाल्या, आणि त्यात धमकी नव्हती, खरीच अडचण होती. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर हाच प्रश्न आला, तेव्हा न्यायालयानं तो राज्यांच्या धोरणावर सोपवला. रात्री दोनचं काय, हे धोरणातही लिहिणं सोपं नाही.

आता वाटी.

घरी आल्यावर मी फायलीच्या प्रती मागवल्या. डॉक्टरांच्या त्याच २००२ च्या नियमांनुसार मागितल्यापासून ७२ तासांत त्या द्याव्या लागतात. दुसऱ्याच दिवशी मिळाल्या. थिएटरच्या नोंदींच्या पानावर इम्प्लांटचे स्टिकर चिकटवलेले होते, बॅच नंबरसह. मांडीचा भाग, नडगीचा भाग, गादी. खाली सिमेंटचा वेगळा. बिलात मात्र ‘इम्प्लांट, एक सेट’ असं होतं, आणि सोबत जोडलेल्या पावतीवर चार ओळी. चौथी वाटीची. चार हजार आणि वरचे काही.

‘माझी वाटी माझीच आहे’ हे मी पंधरा वेळा ऐकलं होतं.

मी हॉस्पिटलात गेले. बिलिंगच्या वरिष्ठांनी स्टिकर पाहिले, पावती पाहिली आणि लगेच मान्य केलं. पुरवठादाराकडून सेट येतो, सेटचं बिल होतं, न वापरलेला तुकडा परत जातो, पण तो बिलातून वजा करायचा राहून गेला. त्यांनी माफीही मागितली. मग म्हणाले, ‘पण मॅडम, हे पैसे तुमचे नाहीतच. इम्प्लांटचे पैसे कंपनीनं दिलेत. तुम्हाला काय फरक पडतो?’

प्रश्न उद्धट नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं मी कशाला आले ते. आणि मला उत्तर द्यायला दोन क्षण लागले. माझ्या खिशातून काहीच गेलं नव्हतं. दादाच्या नाही, आईच्याही नाही. कंपनीच्या चार हजारांसाठी मी अर्धी रजा टाकून आले होते. इतक्या लोकांच्या सेटमधून वाटी वजा व्हायची राहून जात असेल, आणि कुणी येत नसेल, त्याचं कारण माझ्यासमोरच बसलेलं होतं: बिल ज्याच्या हातात येतं तो पैसे देत नाही, आणि पैसे देणारा फायलीतले स्टिकर मोजत नाही.

‘याच वर्षात डावा गुडघा करायचाय,’ मी म्हटलं. ‘पाच लाखांतले जेवढे वाचतील तेवढे त्याला लागतील.’ हे खरंही होतं. ते म्हणाले, ‘हां, मग बरोबर,’ आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला.

त्यानंतर विमा कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन. पलीकडच्या मुलीनं तीन वेळा विचारलं.

‘म्हणजे मॅडम, तुमचा क्लेम कमी मंजूर झाला?’

‘नाही. जास्त झालाय. तो कमी करायचाय.’

‘...तुम्हाला कमी करून हवाय?’

‘हो.’

‘मॅडम, तसा ऑप्शन नाहीये.’

तक्रारींच्या यादीत सगळे पर्याय कमी मिळाल्याचे होते. शेवटी मी ईमेल लिहिला, हॉस्पिटलकडून क्रेडिट नोट घेऊन जोडली, स्टिकरच्या पानाचा फोटो जोडला. अडीच आठवड्यांनी पॉलिसीच्या खात्यात शिल्लक विमा रक्कम चार हजारांनी वाढलेली दिसली. आभाराचं पत्र आलं नाही, पण संदेश आला: ‘आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात?’

दादाला हे सगळं सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘तुझा तो कागद मला पाठव. सासऱ्यांचं मोतीबिंदूचं आहे.’

डावा गुडघा पाच महिन्यांनी झाला, त्याच हॉस्पिटलात, त्याच सर्जनकडे. या वेळी मी आदल्या दिवशी फोन करून ट्विनची खाट पक्की केली होती. बिलिंगच्या काउंटरवर अंदाजपत्रक छापून झालं आणि मुलानं सहीसाठी पेन पुढे केलं. मी वाचायला सुरुवात करणार, तेवढ्यात व्हीलचेअरवरून आईनं हात लांब करून कागद ओढून घेतला, चष्मा लावला आणि बोट फिरवत तिसऱ्या ओळीपाशी थांबली.

‘बाळा, इथे सेट लिहिलंयस. वाटी बसवणार आहेत का?’

‘ते आजी, ऑपरेशनच्या वेळी ठरतं.’

‘मग इथे तसंच लिही. बसवली तर. आणि खाली तुझी सही कर.’

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पर्समध्ये काहीतरी शोधत होते.

त्यानं लिहिलं.